कवळीखालची आग

संचिता : अजून मोठं उघडा तोंड, चंपाबाई. आग नेमकी कुठे होते?

चंपा : वरती, टाळूला. नुसता भात गिलला तरी आग, डॉक्टरीणबाय. चार महिने बाजारात मासली इकते ती मुक्यावानी.

संचिता : चार महिने! आणि तारोडीहून आज आलात?

चंपा : तीनदा पीसीओवरून तुमचा नंबर फिरवला, नि ठेवला. माझी भयीन तोंडाच्या कॅन्सरनं गेली. तुम्ही तोच सांगाल, म्हून भ्याव.

संचिता : मशेरी लावता?

चंपा : ती गेली तवाच फेकली.

संचिता : वरची कवळी काढा बघू... हं. ही लाली बघा आरशात. कवळी जिथे संपते, तिथेच लालीही संपते. रात्री काढून ठेवता का कवळी?

चंपा : न्हाय.

संचिता : कधीपासून?

चंपा : हंसा सून होऊन आली तवापासून, चार-पाच महिने झाले. घर एवढासा. नव्या पोरीला बिनदातांचा बोलका तोंड कसा दाखवू?

संचिता : मग सापडलं! दिवसरात्र कवळी घालून टाळूला बुरशी धरलीय. मला हा कॅन्सर वाटत नाही.

चंपा : देवाशपथ?

संचिता : पंधरा दिवस औषध लावा. लाली राहिलीच तर पुढची तपासणी करू. पण रात्री कवळी घासून पाण्यात ठेवायची. त्याशिवाय औषधाचा उपयोग नाही.

चंपा : औषधाचा काय न्हाय वो. कवळीचाच कठीण हाय.

(पंधरा दिवसांनी, त्याच दवाखान्यात. चंपाबरोबर हंसा आली आहे.)

संचिता : वा! टाळू एकदम गुलाबी. आग?

चंपा : कसली आग! काल सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली, झणझणीत. नि बाजारात असा आवाज टाकला, का अकरा वाजता पाटी रिकामी!

हंसा : खरंच मॅडम, बाजूच्या बायका मागे वळून बघत होत्या. म्हणाल्या, चंपा परत आली!

संचिता : आणि रात्री कवळी?

चंपा : पयल्या राती पदराआड बसली मी, तोंड लपवून.

हंसा : मीच पाण्याची वाटी घेऊन समोर बसले. म्हटलं, आई, द्या इकडे. तर यांना इतकं हसू आलं! लग्नापासून मी यांना हसताना बघितलंच नव्हतं, मॅडम. ना हसणं, ना धड बोलणं. मला वाटायचं, मी यांना पसंतच नाही.

चंपा : येडी पोर! तोंड भाजत व्हता गो माझा.