रेफरीबाईंनी काय पाहिलं

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी दोन फुटबॉलपटू बसले होते, वेगवेगळ्या रंगांच्या जर्सीत. धाकट्याचा घोटा सुजला होता. ज्याच्या टॅकलमुळे तो पडला, तोच थोरला त्याला घेऊन आला होता.

“दादा, चेंडू तर आधी तुम्हालाच लागला होता.”

“तेच मी रेफरीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘लागला, मी पाहिलंय. पण तुझे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले होते आणि बुटांचे तळ थेट त्याच्या गुडघ्याकडे होते.’”

“मी लगेच उठलो असतो, तर पिवळ्या कार्डावर भागलं असतं.”

“तेही विचारलं. म्हणाल्या, ‘तो उठून नाचला असता तरी लाल कार्डच. त्याच्या पायाचं काय झालं ते डॉक्टर बघतील. तू कसा आलास, ते मी बघते.’”

“एवढे लोक शिव्या घालत होते, पण बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही.”

“आणि कार्ड काढायच्या आधी तुझ्यासाठी स्ट्रेचर मागवलं. बाई पक्क्या आहेत.”

धाकट्याला आत बोलावलं. दहा मिनिटांनी तो लंगडत, पण हसत बाहेर आला.

“हाड शाबूत आहे. दादा, तुम्ही सुटलात. मला काही झालं नाही असं लिहून देतो. बंदीविरुद्ध अपील करा आणि रविवारची फायनल खेळा.”

“नको.”

“अहो, आठ वर्षांनी पोचलात फायनलला.”

“तू वेळेवर पाय उचललास म्हणून वाचलास. मी कुठे थांबलो होतो?”