पिवळा जास्त झालाय

हॅलो?… हो, मीच बोलतेय. सर? तुम्ही चक्क फोनवर?… नाही नाही, दुपारची झोपत नाही मी. बोला ना.

कुठलं चित्र?… हं, बाबांचं. खुर्चीतलं. हो, दिलं ना सबमिशनला. तुम्ही सांगितलंत तसंच केलं, पिवळा कमी केला. तीनदा केला.

काय?… थांबा सर, इथे रेंज नाहीये. गॅलरीत येते… हां. नाइट मोड? स्क्रीन पिवळट करतो तो? कुणाच्या लॅपटॉपवर?… तुमच्या? कॉलेज बंद झाल्यापासून, अख्खी टर्म?… आज सूनबाईंनी बंद करून दिला तेव्हा कळलं… अरे देवा. म्हणजे तीसच्या तीस जणांना ‘पिवळा जास्त झालाय’ म्हणत होतात, ते… तरीच! तरीच सगळा वर्ग निळा पडला होता. आम्हाला वाटायचं, सरांना निळाच आवडतो.

नाही हो, हसत नाहीये. म्हणजे हसले, पण… माफी कसली मागताय? सर, प्लीज.

पहिला बरोबर होता?… रंगाचा पहिला हात, पिवळा कमी करण्याआधीचा?

…आहे, आहे. ऐकतेय.

नाही, परत नाही करता येणार. कॅनव्हास आहे हो, बाबा नाहीयेत समोर बसायला… नाही नाही, तसं नाही! हॉस्पिटलमध्ये आहेत. आज नववा दिवस… साथीचं नाही, कावीळ. पित्ताची नळी बंद झालीय. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी यायला हवं होतं.

सर, ऐका ना. मला तो पिवळा दिसला होता. महिनाभर आधीच. आईला म्हटलंसुद्धा, बाबा पिवळट दिसतायत गं. मग तुम्ही म्हणालात जास्त झालाय, तर मीच तिला सांगितलं, काही नाही गं, माझाच डोळा चुकतोय, ट्यूबलाइटमुळे असेल… आईनेही विषय सोडला. बाहेर पडायची भीती होतीच सगळ्यांना.

सर?… सर, तुम्ही रडू नका. सगळं तुमच्यावर नाही टाकत मी. पण राग येतो हो, खोटं कशाला बोलू? तुमचा येतो. माझा त्याहून जास्त. समोर बसलेला माणूस सोडून मी स्क्रीनवरच्या माणसाचं ऐकलं.

नाही, भेटायला नाही सोडत. रोज चार वाजता व्हिडिओ कॉल. सिस्टरांच्या फोनवरून, दोन मिनिटं. त्या म्हणतात, पिवळेपणा उतरतोय. मला परवा राखाडी दिसले, काल पुन्हा पिवळे. आई म्हणते, तू चित्रकार ना, तूच सांग. काय सांगू तिला? स्क्रीनवरून कसं ओळखायचं, सर?

काय धरायला सांगू?… पांढरा कागद. गालाशेजारी… हो. कागदच पिवळा दिसला तर तो फोनचा रंग… आणि कागद पांढरा दिसत असेल तर गाल दिसतो तसाच आहे. हो, हो, कळलं… पहिल्याच दिवशी शिकवायला हवं होतं? असू दे आता, सर.

चार वाजले, सिस्टरांचा कॉल येतोय. ठेवते… हो, कळवते. ठेवते, सर.

हॅलो, सिस्टर?… हो, आई इथेच आहे. सिस्टर, एक काम कराल? कोरा कागद आहे का जवळ?… कुठलाही, केसपेपरची मागची बाजू चालेल. त्यांच्या गालाशेजारी धरा ना… अजून जवळ… हां.

बाबा, हलू नका. मला नीट बघू दे.