सात दिवसांचा स्लॅब

(कारंजा लाड. घर विकायला काढण्याआधी त्याची तपासणी चालू आहे. इंजिनिअर राजपाल शिडीवर, हातात स्लॅबमधलं लोखंड शोधायची मशीन. खाली घरमालक जानराव आणि त्यांची मुलगी धम्मदीपा.)

जानराव : त्या भेगीपाशी कायले मशीन फिरवून राह्यले, साहेब? तिथं काई नाही भेटनार. लोखंड अशीन तं वाजन ना!

धम्मदीपा : बाबा, त्यांचं काम त्यांना करू द्या बरं. आधी आपणच तपासून घेतलं म्हणजे उद्या घेणारा आला की दहा खोड्या काढत बसणार नाही.

जानराव : खोड एकच हाये या घरात. मिस्त्री! मदनसिंग नाव त्याचं. अर्ध्या सळाखी इकून खाल्ल्या बेट्यानं. सत्तावीस वर्षं झाली, हॉलमधी बसलो का नजर वरतेच जाते.

राजपाल : तुमी मोजल्या होत्या का काका, सळाखी?

जानराव : म्या कायले मोजू? मी यष्टीतला कंडक्टर, तिकिटं फाडू का सळाखी मोजू? स्लॅब खचला, तवा समजलंच ना. डेपोत सांगतलं, चौकात सांगतलं, पानठेल्यावर सांगतलं. म्हनलं, या मानसाले काम देसान तं पस्तावसान.

राजपाल : मंग दिलं का कोनी?

जानराव : हट्! दोन सालात बोऱ्याबिस्तर गुंडाळला त्यानं. सुरतले गेला म्हने.

राजपाल : ताई, तो खडू द्या जरा. काका, आता आयका.

जानराव : ...वाजली.

राजपाल : ही एक. ही दुसरी. ही तिसरी. आन इथं भेगीच्या वरतेच चौथी.

धम्मदीपा : म्हणजे लोखंड आहे?

राजपाल : पुरं हाये ताई. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सहा इंचावर एक सळाख चालली असती, इथं पाच-पाच इंचावर हाये. मिस्त्रीनं जास्तच टाकलं.

जानराव : मशीन बिघडली अशीन तुमची.

राजपाल : आतल्या खोलीत तं बरी चालली, काका. तवा तुमी काई म्हनलं नाही.

जानराव : मंग खचला काहून स्लॅब?

राजपाल : तेच तुमाले इचारनार होतो. हे पाहा, प्लास्टर कडेले दोन इंच जाड हाये, मधात अर्धाच इंच. म्हंजे प्लास्टर मारायच्या आधीच स्लॅब मधात खाली आलता. नंतरच्या मिस्त्रीनं लेवल करून ते झाकलं. एवढ्या लवकर खचला म्हंजे कच्चा असतानीच खालच्या टेकूच्या बल्ल्या निंगाल्या. कितव्या दिवशी काढल्या होत्या?

धम्मदीपा : बाबा? ते तुम्हाला विचारतायत.

जानराव : एकवीस. सारेच काढतेत तशा एकवीस दिवसानं.

धम्मदीपा : एकवीस कसे? आपण राहायला आलो ते भीमजयंतीला, चौदा एप्रिलला. मी पहिलीत होते. आणि स्लॅब टाकला त्या दिवशीचा तो फोटो आहे ना, आई घमेलं घेऊन उभी आहे तो? मागे तुमच्याच अक्षरात लिहिलंय, पाच एप्रिल.

जानराव : तू कायले उकरून राह्यली आता?

धम्मदीपा : बाबा, खरं सांगा.

जानराव : ...मदनसिंग लग्नाले गेलता तांड्यावर, बहिनीच्या पोरीच्या. जातानी दहादा बजावलं त्यानं. जानरावभाऊ, मी आल्याबिगर बल्लीले हात लावू नका, म्हने. पन मले जयंतीले या हॉलमधी वंदना पाह्यजे होती. आमच्या अख्ख्या खानदानातलं पयलं पक्कं घर, पोरी! भंतेजीले सांगून बसलो होतो, पावन्याइले सांगून बसलो होतो. बल्ल्यायच्या जंगलात कोनाले बसवू? बारा तारखेले सकाळी म्याच काढल्या. तुही माय आडवी आली, तं तिच्यावरच खेकसलो.

धम्मदीपा : म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?

जानराव : लोकं जेवून राह्यले होते. एकानं वरते पाह्यलं आन म्हने, जानराव, हे काय झालं? तोंडातून निंगून गेलं, मिस्त्रीनं लोखंड खाल्लं. चार लोकायत म्हनलं, मंग वापस कसं घेता? आन म्हनता म्हनता मलेच ते खरं वाटाले लागलं.

धम्मदीपा : एका माणसाची रोजी गेली बाबा! लाज वाटते मला.

राजपाल : रोजी भेटली ताई त्यायले, सुरतले. बाकीचं नाही भेटलं.

जानराव : तुमाले कसं मालूम?

राजपाल : मदनसिंग माहा बाप, काका.

धम्मदीपा : अरे देवा! मला माहीत असतं तर मी तुम्हाला बोलावलंच नसतं हो. दवाखान्यातल्या माझ्यासोबतच्या सिस्टरनं नंबर दिला तुमचा.

राजपाल : मले मालूम होतं. पत्ता पाह्यला तवाच समजलं कोनाचं घर. दुसऱ्या कोनाले पाठवता आलं असतं. पन मलेच पाह्याचं होतं, बाबानं खाल्लं का नाही.

धम्मदीपा : तुम्हालाही शंका होती?

राजपाल : शाळेत पोरं सळाखचोराचा पोरगा म्हनत. दिवाळीले बाबा घरी आले का सांगत, बेटा, म्या नाही खाल्लं. मी मुंडी हालवायचो. इश्वास नाही ठेवला कधी. हे मशीन घेऊन सहा वर्षं झाली, ताई. बाबा जिवंत होते. इथं येऊन पाह्यलं असतं तं एका घंट्यात समजलं असतं. पन भेव वाटे मले. नाही वाजली तं?

जानराव : जिवंत होते म्हंजे?

राजपाल : मागच्या पोळ्याले गेले.

जानराव : ...मह्या तोंडावर थुक, पोरा.

राजपाल : थुकून काय होते, काका?

जानराव : मंग रिपोर्टात लिही. घरमालकानं सातव्या दिवशी बल्ल्या काढल्या. मिस्त्रीनं लोखंड जास्त टाकलं. त्याचा काडीचा दोष नाही. मदनसिंगचं पुरं नाव लिही, खाली मी सही करतो.

धम्मदीपा : लिहा. घराचा भाव पडला तर पडू दे.

राजपाल : लिहितो ना. पन वाचनार कोन? घर घेनारा. त्याले माह्या बापाचं काय?

जानराव : तुही माय हाये ना? गोमतीबाई?

राजपाल : हाये. तांड्यावर, किन्हीराजाकडे.

जानराव : वाचता येते तिले?

राजपाल : नाही.

जानराव : मंग मी येतो. म्याच वाचून दाखवतो.

राजपाल : कानानं कमी आयकते माय. लई जोरानं वाचा लागन, काका. सारा तांडा बाहेर निंगन.

जानराव : निंगू दे.