आठ गिलास औषध

सिस्टर वर्षाली : तीनदाच? काका, रात्रीपासून फक्त तीनदा जाऊन आले?

रूपराव : तीन का चार. मोजलं नाई जी.

सिस्टर वर्षाली : शेवटचं कसं होतं? पाण्यासारखं साफ?

रूपराव : गढूळच होतं.

कोकिळा : असं कसं होईन सिस्टर? कालपासून यायले भाताचं शीत नाई देलं मी. नुसतं नारळपानी, वरनाचं वरचं पानी अन् काळा चहा. तुमच्या त्या पोट साफ करायच्या पावडरीचा जगही रिकामा होता. मीच घासला.

सिस्टर वर्षाली : आठही गिलास तुम्हीच प्यायले ना काका?

रूपराव : आता तसं म्हटलं तं... बबनराव आलता.

कोकिळा : शेजारचा? मी डेअरीत दूध घालाले गेलती तवा?

रूपराव : हाव. मी पेऊन राह्यलो अन् तो समोर बसून. दारात मानूस बसला असतानी एकट्यानं गिलास तोंडाले लावनं बरं दिसते का? देला एक. म्हने लिंबाचा वास मस्त आहे, दे अजून.

सिस्टर वर्षाली : किती दिले?

रूपराव : चार.

कोकिळा : आता समजलं. सकाळी त्याची बायको कुंपनावरून विचारून राह्यली, तुमच्या घरी काय खाल्लं यायनं, रातभर टमरेल खाली ठेवलं नाई. मी म्हटलं, आमच्या घरी तं उपास आहे.

सिस्टर वर्षाली : हसू नये मी, पण... काकू, त्यांना फोन करून मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगा. आणि काका, आतडं असं राहिलं तर कॅमेऱ्याला काही दिसणार नाही. डॉक्टरांना विचारते. बहुतेक उरलेलं इथंच प्यावं लागेल, मग तपासणी दुपारनंतर.

रूपराव : नाई तं असं करा ना, पुढच्या महिन्यात येतो. कापूस घरात आला का.

कोकिळा : तुमचे दादा, ताराचंद भासरेही असंच म्हनत. कापूस झाला, तूर झाली, मंग नागपूरले नेलं तं डॉक्टर म्हने उशीर झाला. तुमाले संडासात दोनदा रक्त दिसलं. खरं सांगा, बबनरावले भिडेखातर पाजलं का?

रूपराव : पह्यला गिलास भिडेखातर. बाकीचे तीन भेवानं. म्हटलं, साफच नाई झालं तं पाहतीन कसे.

कोकिळा : भेव मलेही वाटते. म्हनूनच तुमाले आनलं.

रूपराव : दुखते का वो सिस्टर?

सिस्टर वर्षाली : हाताच्या शिरेतून झोपेचं औषध देतात. अर्धा तास, तुम्हाला कळणारही नाही.

रूपराव : आना मंग जग. अन् संडास जवळ आहे ना?

(चार गिलास रिचवून आणि सात खेपा घालून रूपराव एकदाचे आत गेले. आता संध्याकाळ झाली आहे, ते पलंगावर डोळे किलकिले करताहेत.)

रूपराव : कवा घालतीन नळी?

कोकिळा : घातली अन् काढली. तुमी घोरून राह्यले होते.

रूपराव : पोट लय फुगलं वाटते.

सिस्टर वर्षाली : आत हवा भरली होती. सोडा, लाजू नका, इथं सगळेच सोडतात. आज मोटरसायकल चालवायची नाही. रात्री मऊ खिचडी. पोट जोरात दुखलं, ताप आला, जास्त रक्त गेलं, तर लगेच या.

रूपराव : अन् दिसलं काय? कोकिळा, तू सांग.

कोकिळा : आतड्यात मांसाचे दोन बारके कोंब होते. तिथच्या तिथं काढले. तपासाले पाठवले, आठ दिवसांनी रिपोर्ट येईन. डॉक्टर म्हने दिसाले साधेच आहेत. पन तसेच ठेवले असते तं काही वर्सांनी महागात पडले असते.

रूपराव : दादाचेही कवातरी असेच बारके असतीन.

कोकिळा : असतीन.

रूपराव : धनंजयले फोन लाव. सख्ख्या भावानंही तपासून घ्यावं म्हने ना डॉक्टर?

कोकिळा : हाव. पन तुमचा धाकटा तं तुमच्याहून भेकड. तो नाईच म्हनन.

रूपराव : म्हनू दे. त्याले सांग, तो आठ गिलास पेईन त्या दिवशी मी त्याच्या दाराशी बसून राहीन.