तळघराला कुठला रंग?

ताई : ...पण हा आणि हा, यांत फरक काय ते एकदा सांग. दोन्ही राखाडीच आहेत.

बारक्या : हा निळसर राखाडी. ओल्या दगडाचा. आणि तो मातकट राखाडी, कोरड्या दगडाचा.

ताई : आणि ही बाटली? हिच्यावर तर चक्क 'थडग्यावरची धूळ' असं लिहिलंय.

बारक्या : ती सांध्यांत भरायला. दोन दगडांच्या मध्ये.

ताई : धूळ विकत आणलीस? तुझ्या कपाटावर फुकटची साचलीय, ती दिसली नाही वाटतं.

बारक्या : ताई, तू मदतीला आलीयस ना? मग त्या भिंतीच्या तुकड्याला काळ्याचा हात मार आणि गप्प बस. खाचांत नीट गेला पाहिजे. मग मी वरून जवळजवळ कोरडा ब्रश फिरवणार, म्हणजे राखाडी फक्त उंचवट्यांना लागेल. दगड खरा वाटतो त्याने.

ताई : कोरलायस मात्र झकास. फोम आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. कशाने कोरलास?

बारक्या : दाताच्या हत्यारांनी.

ताई : शी! पेशंटच्या तोंडातली?

बारक्या : जुनी आहेत गं, दवाखान्यातून टाकायला काढलेली. उकळून घेतलीयत.

ताई : चला, म्हणजे या भिंतीला कीड लागलेली नाही, एवढी तरी खात्री झाली.

बारक्या : हसून घे. रविवारी पोरं खेळायला येतील तेव्हा बघ. अख्खं तळघर या टेबलावर मांडायचं, वरचा मोठा दिवा बंद, मी गोष्ट सांगतोय, आणि एकेक जण आपली बाहुली या चौकोनांवरून जीव मुठीत धरून पुढे सरकवतोय...

ताई : पोरं म्हणे! एकाला टक्कल पडलंय, दुसऱ्याची मुलगी कॉलेजात जाते.

बारक्या : फासे हातात घेतले की पोरंच.

ताई : आणि आई?

बारक्या : आई नाही येणार.

ताई : नक्की?

बारक्या : कंटाळा आला म्हणाली. इतकी वर्षं खेळतेय, ताप असला तरी शाल गुंडाळून बसायची, आणि एकदम कंटाळा. खरं सांगू? मला फार लागलंय ते. माझ्या गोष्टीतच आता राम उरला नाही की काय, असं वाटतंय. म्हणून तर जुनं सगळं मोडून हे नव्याने करतोय. असं तळघर करीन, की ती दारात उभी राहून म्हणेल, सरका रे, मलाही जागा द्या.

ताई : म्हणजे हा सगळा खटाटोप तिला परत बसवायला.

बारक्या : मग? टक्कलवाल्यासाठी करतोय होय?

ताई : तर मग माझं ऐक. तुझे राखाडी ठेव गुंडाळून. जमीन फिकी कर, चांगली फिकी. भिंती काळ्याच राहू देत. आणि प्रत्येक भिंतीच्या माथ्याला, खड्ड्याच्या काठाला पिवळा पट्टा मार.

बारक्या : पिवळा? कसला पिवळा?

ताई : हा बघ. ऑफिसातून नमुन्याची बाटली आणलीय.

बारक्या : रस्त्यावरचा? ताई, फोम वितळेल माझा!

ताई : नाही वितळत. पाण्यातला आहे, विचारून आणलाय. रस्ते बांधते म्हणून अगदीच दगड समजू नकोस मला.

बारक्या : धन्य आहात, रस्तेबाई! अगं, तळघर आहे ते. शेकडो वर्षं बंद पडलेलं. तिथे तू घाटरस्ता करायला निघालीस. उद्या म्हणशील, राक्षसापुढे गतिरोधक टाक.

ताई : टाक की. धावत येतो, आपटेल तोंडावर.

बारक्या : वातावरण नावाची काही गोष्ट असते. अंधार, ओल, कोपऱ्यात कोण दबा धरून बसलंय ते कळायला नको...

ताई : न कळणं वेगळं आणि न दिसणं वेगळं. आम्ही पट्टे मारले म्हणून वळण सोपं होत नाही. ते तितकंच अवघड राहतं. वळण आहे एवढंच गाडीवाल्याला दिसतं.

बारक्या : इथे गाडीवाले नाहीत. इथे एक योद्धा आहे, एक जादूगार आहे. आणि एक चोर होती, ती आम्हाला सोडून गेली.

ताई : चोर! जन्मभर हेडबाई म्हणून मिरवली, पोरांच्या खिशातल्या गोट्या जप्त केल्या, आणि आता म्हातारपणी स्वतः खिसे कापते.

बारक्या : असे कापते की पत्ता लागत नाही. आणि गेल्या खेळात तर कमालच केली. तुला सांगितलं ना मी?

ताई : खड्ड्याचं? पुन्हा सांग. नीट सांग.

बारक्या : मागे राक्षस, पुढे खड्डा. कुणालाच काही सुचेना. आणि आईने शांतपणे आपली बाहुली उचलली आणि सरळ खड्ड्याच्या मधोमध नेऊन ठेवली. एक शब्द नाही बोलली. ताई, काटा आला अंगावर. चोराने सोबत्यांसाठी जीव दिला! टक्कलवाला तर उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मग सगळेच. मी तिथल्या तिथे गोष्ट फिरवली. राक्षस तिच्यामागोमाग खड्ड्यात पडला, ती एका दगडाला लटकून वाचली. आणि जाहीर करून टाकलं, गावाच्या चौकात तिचा पुतळा उभारणार. तो काय, केलाय बघ.

ताई : हा? हे आईचं नाक?

बारक्या : प्रयत्न केलाय.

ताई : तिला दाखवू नकोस. बरं, टाळ्या वाजल्या तेव्हा ती काय म्हणाली?

बारक्या : काही नाही. नुसती हसली. आणि सगळे गेल्यावर म्हणाली, आता बास, मला कंटाळा आला.

ताई : खड्डा कुठल्या रंगाचा होता रे?

बारक्या : काळा. खड्डा काळाच असणार.

ताई : आणि भोवतीची जमीन?

बारक्या : गडद राखाडी. त्यात किंचित जांभळट झाक, फार सुरेख जमली होती...

ताई : बारक्या, तू डॉक्टर आहेस ना?

बारक्या : दातांचा.

ताई : दात सोडून माणसाला आणखीही काही असतं. डोळे वगैरे. शिकवलं होतं का तुम्हाला?

बारक्या : म्हणजे?

ताई : तिला खड्डा दिसलाच नाही.

बारक्या : काहीतरीच काय!

ताई : दिसला नाही. ती आपली साध्या वाटेने पुढे चालली होती. तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हा तिला समजलं की काहीतरी झालंय. आणि काय झालंय, ते तुझ्याच गोष्टीतून समजलं.

बारक्या : पण ती तर... ती हल्ली मान तिरकी करून बघते ना टेबलाकडे. मी सगळ्यांना सांगायचो, बघा, चोर कसा अंगात मुरलाय.

ताई : मान तिरकी करते, कारण समोर बघितलं की मधलं सगळं धुरकट दिसतं. कडेचं तेवढं दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच नेलं होतं. आहे ते टिकवू म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. आणि बाहेर आल्या आल्या तिने मला शपथ घातली, बारक्याला सांगायचं नाही.

बारक्या : मला का नाही?

ताई : तू रडशील म्हणून.

बारक्या : मी कशाला रडतोय.

ताई : त्या हाताने पुसू नकोस, काळा रंग आहे. हा घे कागद.

बारक्या : टाळ्या वाजवल्या गं आम्ही. आईला दिसत नव्हतं आणि मी टाळ्या वाजवल्या.

ताई : तिने घेतल्याही. घाबरली असेल आतून, पण चेहरा हेडबाईचाच ठेवला. आता नाक ओढणं पुरे, आणि सांग, लावायचा ना पिवळा?

बारक्या : ...रस्त्यावरचा नाही.

ताई : घ्या! घराला आग लागली तरी हा ज्वाळांची शेड जुळवत बसेल.

बारक्या : ऐक तर. शेवाळ! ओल आहे, म्हणून तळघरात उजेड देणारं शेवाळ उगवलंय. भिंतींच्या माथ्यावर आणि खड्ड्यांच्या काठावर. खाली हिरवट, वर लिंबाचा हात. गोष्टीत चपखल बसतं. तिच्यासाठी केलंय हे तिला कळणारसुद्धा नाही.

(दार ढकलून आई आत येते.)

आई : काय कळणार नाही मला?

ताई : मेले!

बारक्या : काही नाही गं आई. शेवाळाचं बोलत होतो.

आई : आणि शेवाळाचं बोलताना तायडीची मान खाली? तायडे, वर बघ. सांगितलंस ना याला?

ताई : तो म्हणत होता, त्याची गोष्ट कंटाळवाणी झाली म्हणून तू खेळ सोडलास. मला ते ऐकवेना.

आई : कंटाळवाणी? गाढवा, तुझ्या गोष्टीतल्या त्या लोखंडी दारामागे काय असेल या विचाराने आठवडाभर माझा डोळा लागत नाही.

बारक्या : मग सोडलास कशाला?

आई : कशाला म्हणजे? कॉपी करून मिळवलेला एक मार्क मी कधी कुणाला ठेवू दिला नाही. आणि इथे मी आंधळेपणाने खड्ड्यात पडले, त्याचा तुम्ही पुतळा उभारताय. लाज वाटली मला. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तो टक्कलवाला इतका खूश झाला होता, की तोंड उघडवेना.

बारक्या : मला एकट्याला गाठून सांगायचंस ना.

आई : आणि मग? पुढच्या खेळाला सगळे हळुवार झाले असते. 'राहू द्या काकू, तुमची बाहुली मी ठेवतो.' ते मला नकोय. मला खेळायचंय रे, फार खेळायचंय. पण माझी चाल मी चालणार. कुणी माझा हात धरून फिरवणार असेल, तर मी आपली स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत बसेन.

बारक्या : कुणी हात लावणार नाही तुझ्या बाहुलीला. मी लावू देणार नाही.

आई : आणि माझ्या पाठीमागे शेवाळ उगवायचं नाही. चोर मी आहे या घरात. उगवायचं तर मला विचारून उगवा.

ताई : विचारतो, बाई. ये, बस इथे. खिडकीकडे पाठ कर.

बारक्या : आई, हा तुकडा. याच्या वरची कड दिसते?

आई : कुठली कड?

बारक्या : थांब. आता? लिंबाचा हात दिलाय.

आई : तिरकी होऊन बघू दे... काहीतरी आहे. मळकट.

ताई : मळकट! त्याच्या वातावरणाला मळकट म्हणाली!

बारक्या : थोडा पांढरा घालतो. आता?

आई : आहे म्हटलं तर आहे. तू सांगितलंस म्हणून दिसतंय, की खरंच दिसतंय, ते मला कळत नाही. तायडे, तू कधीची हातात काय लपवून बसलीयस?

ताई : माझी बाटली. रस्त्यावरची.

बारक्या : ताई, प्लीज...

आई : लाव.

ताई : ही लावली. बोल.

आई : दिसली.

बारक्या : खरंच? की ताईचं मन राखायला?

आई : तिचं मन मी कधी राखलंय? ही बघ, इथून निघाली, अशी सरळ आली, आणि इथे वळली. बरोबर?

बारक्या : बरोबर.

आई : मान सरळ ठेवून दिसली रे.

बारक्या : भडक आहे पण. फार भडक आहे गं.

आई : आहेच. शाळेत असताना तुला दर वर्षी मी याच रंगाचा रेनकोट घ्यायचे. तेव्हाही असाच कुरकुरायचास, सगळे हसतात म्हणून. पण शाळा सुटली की पोरांच्या लोंढ्यात मला तू लांबूनच दिसायचास. त्या फाटकापाशी मी दुसरं काही बघतच नव्हते.

ताई : रडला परत.

बारक्या : ती बाटली दे इकडे. आणि तो रुंद ब्रश.

ताई : आणि वातावरण?

बारक्या : शेवाळ भडकच असतं. मी सांगेन तसं असतं. दे म्हटलं ना!

आई : वाळायला किती वेळ लागतो रे याला?