दोन गोजरबाई

सूर्यभान : थांबा, थांबा डॉक्टरसाहेब. म्हंजी कुनालाच कळलं नव्हतं, आन त्या सिस्टरनं आपनहून सांगितलं?

डॉ. हर्षल : हो.

सूर्यभान : आन मग तुमी मला आपनहून सांगितलं.

डॉ. हर्षल : हो. काल फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून आज या म्हटलं.

सूर्यभान : आता मी काय करू? खर्ड्यापासून गाडीत काय काय बोलायचं ते तोंडपाठ करीत आलो. चुलतभाऊ म्हनला, गेल्या गेल्या टेबलावर हात आपट. आता हात आपटावा तर तुमीच म्हनताय, व्हय, चूक आमची. मग आपटू कशाला?

भारती सिस्टर : चहा घ्या आधी, गार होतोय. मी भारती. बायकांच्या वॉर्डाची इनचार्ज. तुमच्या आई माझ्याच वॉर्डात आहेत.

सूर्यभान : वळखतो की ताई तुमाला. बरं, मला एकदा सरळ सांगा, झालं काय? काल साहेब फोनवर लई इंग्रजी बोलले.

डॉ. हर्षल : सॉरी. म्हणजे असं, की तुमच्या आईंना जे औषध प्रिस्क्राइब केलेलं नव्हतं, ते...

भारती सिस्टर : सर, मी सांगू? हे बघा भाऊ. आमच्या वॉर्डात दोन गोजरबाई आहेत. एक तुमच्या आई, त्यांना ताप आणि खोकला. दुसऱ्या जामखेडच्या, त्यांना साखरेचा आजार. त्यांना जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन असतं. परवा त्यांच्या कॉटवरचा पंखा बंद पडला, म्हणून आम्ही त्यांना दुसऱ्या कॉटवर हलवलं आणि तुमच्या आईंना तापात वारा नकोच होता, म्हणून त्या त्यांच्या भिंतीकडच्या कॉटवर आल्या. संध्याकाळी पूजा सिस्टर इंजेक्शन घेऊन गेली, गोजरबाई म्हणून हाक मारली. तुमच्या आई म्हणाल्या, व्हय.

सूर्यभान : आन टोचलं.

भारती सिस्टर : टोचलं.

सूर्यभान : साखर नसलेल्या मानसाला साखरंचं इंजेक्शन.

भारती सिस्टर : हो. मग रक्तातली साखर उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस काहीबाही बोलायला लागतं. पूजा पुढच्या कॉटवर गेली, तिथे दुसऱ्या गोजरबाई म्हणाल्या, माझं इंजेक्शन राहिलं बाई. तिथे तिच्या लक्षात आलं. धावत आली, साखरेचं पाणी पाजलं, सरांना बोलावलं. सरांनी सलाईन लावलं. सकाळपर्यंत पूजा तिथेच होती, बोटातून रक्त काढून परत परत साखर बघत.

सूर्यभान : ती राहात्याकडची बारकी पोरगी? आई सकाळधरनं तिचंच नाव घेतीय. पूजा कुठं गेली, पूजा कुठं गेली. मी आईला म्हनलं, आगं तिनंच तर केलं हे. तर आई माझ्यावरच वराडली.

डॉ. हर्षल : पूजा आज ड्युटीवर आलेली नाही.

सूर्यभान : पळाली?

भारती सिस्टर : नाही हो. खोलीवर आहे. फोन उचलत नाही.

सूर्यभान : आन हे समदं झालं, तवा तुमी आमाला बोलला असता, आजीला जरा आशक्तपना आला, सलाईन लावलं. आमी म्हनलो असतो बरं झालं. कोन इचारतंय? मग सांगितलं कशाला साहेब? मला तेच उमगना झालंय. सांगून तुमचा काय फायदा?

डॉ. हर्षल : फायदा... बघा, मी इथे अधीक्षक म्हणून आल्यापासून रोज सकाळी आम्ही सगळे वॉर्डाबाहेरच्या ओट्यावर उभे राहतो. डॉक्टर, सिस्टर, झाडणाऱ्या मावशी, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, सगळे. मी एकच विचारतो, काल कुठे गडबड झाली, किंवा होता होता राहिली? जो सांगेल त्याला कुणी ओरडायचं नाही. गडबड का झाली ते शोधायचं आणि रोज थोडं काहीतरी सुधारायचं.

सूर्यभान : रोज?

डॉ. हर्षल : रोज.

सूर्यभान : आमच्या डेरीत असं केलं तर कामं कवा करायची? मी दुधाचा टँकर चालवतो साहेब. दूध नासलं की पैला प्रश्न, कोन हुता गाडीवर? दुसरा प्रश्नच न्हाई. ज्याचं नाव निघालं त्यो दुसऱ्या दिवशी घरी.

भारती सिस्टर : मग दूध नासायचं थांबलं का?

सूर्यभान : ते कशाला थांबतंय? दूध नासलं तर गुमान वड्याला वतून द्यायला शिकली पोरं.

भारती सिस्टर : आमच्याकडेही तेच होतं. सर आले तेव्हा मीच वैतागले होते. सुरुवातीला रोज सगळे म्हणायचे, सगळं ठीक आहे सर. कुणी फार तर म्हणायचं, नळ गळतोय. नळ झाला की दुसरा नळ. मी मनात म्हणायचे, या माणसाला काय हवंय? सरांचं एवढं चांगलं, एवढ्या दिवसांत एकदाही चिडले नाहीत. नळ तर नळ म्हणायचे. आणि काल पूजा पुढे आली आणि म्हणाली, मी काल चुकीच्या बाईला इन्सुलिन दिलं.

डॉ. हर्षल : मी तिला सगळ्यांसमोर थँक यू म्हणालो.

सूर्यभान : थँक यू?

डॉ. हर्षल : हो.

सूर्यभान : माझ्या आईला मरनाच्या दारात नेलं म्हनून थँक यू?

डॉ. हर्षल : नाही, तसं नाही...

सूर्यभान : मग कसं? न्हाई, मी भांडत न्हाई. मला समजून घ्यायचंय. एक सांगा. ती पोरगी पुढच्या कॉटवर गेलीच नसती, आन माझी आई गेली असती, तरीबी तुमी असंच म्हनला असता का? कुनाला वरडायचं न्हाई म्हनून?

डॉ. हर्षल : माहीत नाही.

सूर्यभान : म्हंजी?

डॉ. हर्षल : म्हणजे खरंच माहीत नाही. म्हणायला हवं होतं असं वाटतं. म्हणालो असतो का, सांगता येत नाही. तुमच्यासमोर बसून तर अजिबातच नाही.

सूर्यभान : बघा. तुमी खोटं बी बोलंना. मानसानं चिडावं तरी कसं?

भारती सिस्टर : सर, ते नावाचंही सांगा त्यांना. नाहीतर बाहेरून कळेल.

डॉ. हर्षल : हो. हे बघा सूर्यभानराव, आधी इथे पेशंटला कॉटच्या नंबरानं हाक मारायचे. सात नंबर, नऊ नंबर. मला ते आवडेना, माणसं आहेत ती. मीच सांगितलं की नावाने बोलवा. नंबराने हाक मारली असती, तर कदाचित पूजा बरोबर कॉटवर गेली असती.

सूर्यभान : म्हंजी चूक तुमची!

डॉ. हर्षल : असेल.

भारती सिस्टर : असेल काय सर? कॉट तर बदललेली होती. नंबरानं गेली असती तरी जुन्या नंबरावरच गेली असती, तिथेही ह्यांच्याच आई होत्या. आणि नंबर होते तेव्हा काय कमी गोंधळ झाले? झाले. फक्त कुणी बोलायचं नाही. मीही बोलायचे नाही.

सूर्यभान : मग पंखा दुरुस्त करनाऱ्याची चूक?

भारती सिस्टर : तो निरोप देऊनही आला नव्हता, हे खरं आहे.

सूर्यभान : म्हंजी पंख्यावाला, तुमी, ती पोरगी, आन आई व्हय म्हनली म्हनून आईबी. येवढी मानसं. मी हात आपटू तरी कुनासमोर?

(डॉक्टरांचा मोबाईल वाजतो. ते उठून खिडकीपाशी जातात.)

डॉ. हर्षल : नमस्कार अध्यक्षसाहेब... हो, बसलेत समोर... नाही, भांडण वगैरे काही नाही...

सूर्यभान : अध्यक्ष म्हंजी?

भारती सिस्टर : हळू बोला. हे हॉस्पिटल ज्या ट्रस्टचं आहे, त्याचे अध्यक्ष. कालपासून फोन चालू आहेत. पूजाला काढून टाका, आणि पेशंटच्या माणसाला सांगा की काढून टाकली. म्हणजे तुम्ही शांत व्हाल.

सूर्यभान : मी कवा म्हनलो काढा म्हनून?

भारती सिस्टर : तुम्ही म्हणायच्या आधीच त्यांनी ऐकलं.

डॉ. हर्षल : ...साहेब, तिला काढलं तर दुसरी सिस्टर येईल, ती पुढच्या वेळी सांगणार नाही, एवढाच फरक पडेल... नाही, उलट बोलत नाहीये मी...

भारती सिस्टर : तुम्हाला एक सांगू? आज सकाळी आम्ही ओट्यावर उभे होतो. सरांनी विचारलं, काल कुठे गडबड? सगळे म्हणाले, सगळं ठीक आहे सर. एकजात सगळे. नळाचा विषयसुद्धा कुणी काढला नाही. सगळी जण पूजाचं काय होतंय तिकडे बघतायत.

सूर्यभान : आन तुमी? तुमी काय म्हनला?

भारती सिस्टर : मीही तेच म्हणाले. लाज वाटली, पण म्हणाले. माझीही नोकरी आहे भाऊ.

डॉ. हर्षल : ...मग तिला काढायच्या पत्रावर तुम्ही सही करा साहेब. मी नाही करणार... सोमवारी? येतो. ठेवतो.

भारती सिस्टर : काय म्हणाले?

डॉ. हर्षल : सोमवारी विश्वस्तांच्या बैठकीला बोलावलंय. पूजाचं बघू म्हणाले, आधी तुमचं बघतो.

भारती सिस्टर : सर, तुम्ही असं तोडून बोलायला नको होतं.

डॉ. हर्षल : हो ना. मला समजावून सांगायचं होतं त्यांना. तयारी केली होती. ऐन वेळी काहीतरीच बोलून गेलो. सिस्टर, मला आता एकेकदा वाटतं, मी लोकांना बोलायला लावलं तेच चुकलं का? मी सांगितलं कुणाला शिक्षा नाही. पण ते माझ्या हातात होतं का? मी कुणाच्या जिवावर शब्द दिला?

भारती सिस्टर : आता ते मला नका विचारू. मला तुमचं पटत नव्हतं तेव्हा बरं होतं, निदान डोक्याला शांतता होती.

सूर्यभान : साहेब, मी एक सांगू का? खाली टेम्पो हुबा हाय. आईला नगरला मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हनून आनलाय. बायको बी आलीय, गादी बी टाकलीय. पन आई उठना. म्हनती, तिथं चूक झाली तर सांगतील का मला?

डॉ. हर्षल : असं म्हणाल्या?

सूर्यभान : व्हय. आन दुसरं लई इचित्र बोलली. म्हनली, मला ठाव हुतं ते इंजेक्शन माजं न्हाई. मला रोज गोळ्या असत्यात, सुई कदीच नसती. ती पोरगी सुई घेऊन आली तवाच मनात आलं.

भारती सिस्टर : आजींना तेव्हाच कळलं होतं?

सूर्यभान : मी म्हनलं, मग बोलली का न्हाईस? तर म्हनती, त्या शिकलेल्या, आपन कसं इचारायचं? राग आला, बघायच्या बंद झाल्या, तर?

डॉ. हर्षल : सिस्टर, ही गोष्ट ओट्यावर कुणीच बोललं नव्हतं.

भारती सिस्टर : आजी ओट्यावर नव्हत्या सर.

डॉ. हर्षल : आपण सगळ्यांना उभं करतो. पेशंट सोडून.

भारती सिस्टर : कालपासून मनगटाला पट्टी बांधलीय नाव-गाव लिहून, दोघींच्याही. तेवढं केलं. पण हे... हे नाही सुचलं कुणाला.

सूर्यभान : ती पट्टी तुमची व्हय? मला वाटलं तापाची असंल.

भारती सिस्टर : बघा! तेही नाही सांगितलं आम्ही.

डॉ. हर्षल : सूर्यभानराव, तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा. कशी करायची ते मी सांगतो. आईंना नगरला न्यायचं असेल तर ॲम्ब्युलन्स देतो. तुमच्या मनात काय आहे?

सूर्यभान : माझ्या मनात काय हाय ते मलाच ठाव न्हाई. पन त्या पोरीला काढू नका. माझं नाव सांगून तर आजिबात काढू नका. पायजे तर सोमवारी मी येतो बैठकीला.

डॉ. हर्षल : येऊन काय सांगाल?

सूर्यभान : ते बी ठाव न्हाई. राग गेलाय असं न्हाई साहेब. पन येतो.

भारती सिस्टर : पूजाचा फोन! हॅलो, पूजा? अगं कुठे आहेस?... बॅग भरलीस? कशाला?... नाही, कुणी काढलेलं नाही. ऐक, गोजरबाईंचा मुलगा इथेच बसलाय... रडू नकोस... ती विचारतेय, येऊन त्यांची माफी मागू का?

सूर्यभान : या म्हना. माफी ऱ्हाऊ द्या, आई वाट बघतीय म्हना.

भारती सिस्टर : ऐकलंस? ये. ड्रेस घालूनच ये. ठेवते... येतेय. सर, आजींना आता दुपारपासून खोकल्यासाठी अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू करायचंय, तुम्हीच लिहिलंय. ते मी देते, पूजा नको आज.

सूर्यभान : न्हाई. तिलाच देऊ द्या. आज दिलं न्हाई तर ती पुन्ना कदीच देनार न्हाई. पन मी शेजारी हुबा ऱ्हानार.

डॉ. हर्षल : राहा ना. आणि तिने सुई काढली की विचारा तिला, हे कसलं आहे, कुणासाठी आहे. आईंनाही विचारू द्या.

सूर्यभान : आमी? सिस्टरला?

डॉ. हर्षल : हो. रोज विचारा. मलासुद्धा.

सूर्यभान : आन... इचारलं तर चालतं व्हय साहेब?