पाच ‘योग्य’ आणि माझी आई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे विश्वस्त आदरणीय धर्माजी राऊतसाहेब, आमच्या प्राचार्या मेघाली सावे मॅडम, वॉर्डांच्या प्रमुख जमना सिस्टर, बोईसर-पालघरहून आणि वरच्या पाड्यांवरून आलेले पालक, आणि उद्यापासून ज्यांना कुणी ‘ए स्टुडंट’ म्हणून हाक मारणार नाही अशा माझ्या मैत्रिणींनो, तुम्हां सर्वांना मी, स्वाती, नम्र अभिवादन करते.

निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं, कारण मी चांगली बोलते असं मॅडमना वाटतं. दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. पालकांना नसेल, म्हणून सांगते. पावसाळ्यात माझी आई बायडी आपल्याच रुग्णालयात, आपल्याच बॅचच्या हातून इंजेक्शन घेतल्यावर गेली.

घाबरू नका, मी रडणार नाही. तेव्हाही रडले नाही, अजूनही रडू येत नाही. पाड्यावर बायका म्हणाल्या, पोरगी धीराची. कसला धीर! दातांच्या डॉक्टरने भूल दिल्यावर गाल कसा होतो, तशी मी सगळीच झाले आहे. असो. मॅडमनी सांगितलंय, भाषण थोडक्यात कर.

तीन वर्षं आपण काय घोकलं? योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. वैष्णवी तर झोपेतही म्हणायची, आणि आम्ही तिला उशी फेकून मारायचो. आईला इंजेक्शन दिलं माझ्या मैत्रिणीने, समिधाने. जमना सिस्टर शेजारी उभ्या होत्या. नाव विचारलं, बाटली वाचली, आधी कधी औषधाने त्रास झाला का तेही विचारलं. पाचही योग्य. चौकशी समितीनेही तेच म्हटलं, आणि माझंही तेच म्हणणं आहे.

इंजेक्शननंतर समिधा पुन्हा पलंगाशी गेली. तिने विचारलं, मावशी, बरं वाटतंय ना, काही त्रास? आई हसून म्हणाली, “बरं हाय, बाय.” समिधाने तसं लिहिलं आणि ती पुढच्या पलंगाकडे वळली.

आता इथे मला थोडं विषयांतर करावं लागेल, अध्यक्षांची परवानगी गृहीत धरते. समिधाचं घर समुद्राकडचं, चिकूच्या वाडीतलं. तिथे कालवणात मीठ कमी पडलं तर तिच्या माई ओटीवरून अशा सांगतात की शेजारच्या वाडीत ऐकू जावं. मी जेवलेय तिथे, म्हणून सांगते. आमच्या मनोरकडच्या पाड्यावर उलटं. ज्याने हाताने काही दिलं, त्याच्या तोंडावर खोट काढायची नाही. भाकरी करपली तरी बरी हाय. कुणी औषध म्हणून दिलेला पाला पोटाला सोसला नाही, तर घरामागे जाऊन ओकून यायचं आणि पुढच्या दाराने येऊन म्हणायचं, बरं हाय. त्यात देणारी लेकीची मैत्रीण, सुट्टीत घरी येऊन राहिलेली. तिला आई काय सांगणार होती?

मी तेव्हा लहान मुलांच्या वॉर्डात होते. शेजारच्या पलंगावर कुंभवलीच्या इंदुबाई होत्या, त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, “चादरीखाली आंग खाजवत व्हती. मी बोलली, सिस्टरला हाक मार. तर बोलते, नको, पोरीला वाईट वाटंल. किती हळू टोचलंन तिनं.”

चादर वर केली असती तर हातावरचे चट्टे दिसले असते. थोड्या वेळाने घसा आवळला, तेव्हा धावपळ झाली, सगळं दिलं, सगळे होते. उशीर झाला होता. औषधाची रिअॅक्शन कुणालाही येऊ शकते, हे पुस्तकात आहे. आजारी माणूस आपलं मन राखायला खोटं बोलेल, हे आपल्या पुस्तकात कुठे आहे?

समिधा त्या दिवसानंतर वॉर्डात आली नाही. परीक्षा दिली, पास झाली, आणि आता नर्स म्हणून नाव नोंदवणार नाही म्हणते. मामाच्या दुकानात बसणार आहे. आज मॅडमनी आणली म्हणून आली, ती काय, दाराजवळ बसली आहे. मागे वळून बघू नका, तिला आवडत नाही.

समिधा, मी तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. माफ करायचाही केला, तेही जमलं नाही, कारण आत काही हलतच नाही. तेव्हा भावनेचं राहू दे, कामाचं बोलते.

माझे बाबा, बुधा, कालपासून आपल्याच पुरुष वॉर्डात आहेत. ताप आणि छातीत कफ. इंजेक्शनं सुरू झाली आहेत. ते आईपेक्षा वरचढ आहेत. सलाईनची सुई निघून हात सुजला तरी डॉक्टरांना हात जोडून म्हणतील, बरं हाय. जमना सिस्टरांशी मी बोलले आहे. त्या शेजारी उभ्या राहतील, पण इंजेक्शन तू द्यायचंस. त्यांना विचार जरूर, पण उत्तरावर जाऊ नकोस. सदरा वर कर. पाठ बघ, हात बघ, श्वास मोज, आणि तिथेच स्टूल ओढून बस.

हा माझा मोठेपणा नाही. टाळ्या वाजवू नका, प्लीज. आई गेली आहे, मला बाबा राहायला हवेत. त्यांच्या शब्दावर विश्वास न ठेवणारी नर्स मला हवी आहे, आणि सगळ्या बॅचमध्ये मला अशी एकच माहीत आहे.

अध्यक्षांचे, मॅडमचे, सर्व शिक्षकांचे आणि सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्या सपनाताईंचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर लेकरू समजून पोटात घाला. चहा-नाश्ता बाहेर ठेवला आहे, सर्वांनी घेऊन जावं. आम्ही दोघी थांबणार नाही.

समिधा, ऊठ. डोसची वेळ झाली.